ठकीचे चौदा दिवस

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात एक शिंपी राहत होता. वेशीजवळच्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. दुकानात एक पायमशीन, एक टेबल, खिळ्याला अडकवलेली कात्री आणि मापांच्या वह्या. घरी म्हातारी आई, बायको आणि पहिलीत जाणारी मुलगी. शिंपी चौथीपर्यंत शिकला होता. मात्र पाव इंच, अर्धा इंच, पाऊण इंच त्याच्या बोटांना पाठ होतं. माणूस समोरून चालत आला, की त्याच्या खांद्याचं माप तो मनातल्या मनात घेऊन मोकळा व्हायचा.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळेला सुट्टी लागली. मुलीने दप्तर खुंटीला अडकवलं आणि ती अंगणभर नाचली. चोवीस तारखेच्या रात्री सगळा देशच बंद झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या वर्षी गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही. आजीने गुळाचा एक खडा फडक्यात बांधून गुढीला लावला. लग्नसराईचे ब्लाउज शिवून तयार होते, ते न्यायला कुणी आलं नाही. आठवडाभराने शिंप्याने मशीन हातगाडीवर घातलं, घरी आणलं आणि ओसरीवर मांडलं.

मग परीक्षा न घेताच मुलं वरच्या वर्गात गेली. मुलगी दुसरीत गेली. शिंप्याला त्याचा आनंद झाला नाही.

"न शिकताच वर गेली," तो बायकोला म्हणाला. "माझंच बघ. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. हिचं पण तसंच व्हायचं."

त्याने ठरवलं, शाळा बंद तर बंद. आपण घरात शाळा भरवायची.

सकाळी साडेदहाला तो पितळी ताटावर उलथन्याने तीन टोले द्यायचा. मुलीने आंघोळ करून, वेणी घालून पाटावर बसायचं. समोर वही. एक ते शंभर अंक लिहायचे. मग सगळी मुळाक्षरं. मग पुन्हा एक ते शंभर. शिंपी मशीनवर बसून जुन्या कपड्यांना ठिगळं लावायचा आणि एक डोळा वहीवर ठेवायचा. साडेबाराला पुन्हा टोले. त्याला आठवत होती तशीच ही शाळा होती. शाळेत शेजारी मैत्रिणी असतात, खिडकीतून चिंच दिसते, खिचडी शिजल्याचा वास येतो, तेवढं मात्र तो विसरला होता.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मुलगी एकोणतीसनंतर चाळीस लिहू लागली. आठव्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. ते बरोबर दहा वाजता दुखायचं आणि साडेबाराला थांबायचं. आजी ओवा चावायला द्यायची. ओव्याचा काही उपयोग व्हायचा नाही. मग एका सकाळी अंथरूण ओलं निघालं. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. बायकोने कुणाला काही न बोलता गोधडी धुतली आणि कुंपणावर वाळत घातली.

घरात फोन एकच होता, शिंप्याचा. शाळेच्या ग्रुपवर गुरुजींचे व्हिडिओ येऊ लागले. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायची. शिंपी मुलीला घेऊन टाकीच्या चौथऱ्यावर जायचा. तिथे आणखी पाच-सहा बाप फोन धरलेला हात वर करून उभे असायचे. व्हिडिओ मध्येच अडकायचा. गुरुजींचा चेहरा तोंड उघडं ठेवून तसाच थांबायचा. मुलगी त्या चेहऱ्याला बोट लावून बघायची.

"काय शिकवलं?" शिंपी विचारायचा.

"गुरुजींनी दाढी वाढवलीय," मुलगी म्हणायची.

एक दिवस वाण्याने उधारी बंद केली. शिंपी रिकामी पिशवी घेऊन घरी आला. मुलगी पाटावर बसली होती आणि वहीत पुन्हा एकोणतीसच्या पुढे चाळीस लिहिलेलं होतं. शिंप्याने लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या तळहातावर एक मारली. ज्या पट्टीने तो परकराचा घेर आखायचा, तीच पट्टी. मुलगी रडली नाही. ती उठली, आजीने चिंध्यांची शिवून दिलेली आपली ठकी तिने घेतली आणि मशीनच्या मागे जाऊन बसली. दिवसभर ती कुणाशी बोलली नाही.

त्या रात्री शिंप्याला जेवण गेलं नाही. तरीही सकाळी साडेदहाला त्याने ताट वाजवलं. दुसरं काय करायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

मे महिन्यात मुंबईची माणसं गावी येऊ लागली. शिंप्याचा धाकटा भाऊ तिथे एका खानावळीत आचाऱ्याच्या हाताखाली होता. खानावळ बंद पडली. एका खोलीत आठ जण, पगार नाही. कसाबसा पास मिळवून, टेम्पोत बसून तो गावाला आला. पण घरी आला नाही. बाहेरून येणाऱ्यांना ग्रामपंचायत जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवत होती. तिथे चौदा दिवस काढायचे, मग घरी जायचं. वर्गांतून चटया टाकल्या होत्या. काकाच्या वाट्याला पहिलीचा वर्ग आला.

फाटकाशी गुरुजीच बसलेले असत. शाळा बंद झाली तरी गुरुजींची ड्यूटी बंद झाली नव्हती. तोंडाला मास्क, हातात ताप बघायची गन, समोर नोंदवही.

पहिल्या संध्याकाळी शिंपी डबा घेऊन निघाला तशी मुलगी मागे लागली. फाटकाच्या आत दहा पावलांवर चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या पलीकडे काका उभा होता.

"कुठं झोपतोस?" मुलीने ओरडून विचारलं.

"तुझ्या वर्गात."

"मोराखाली, का कासवाखाली?"

काकाने मागे वळून भिंतीवरची चित्रं आठवून पाहिली. "कासवाखाली."

"तिथं पाली असतात," मुलगी म्हणाली.

त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती जेवताना बोलत होती. फळा कुठे आहे, घंटा कुणी द्यायची, खिडकीचं कुठलं दार लागत नाही, काकाला हे सगळं उद्या सांगायला हवं होतं.

सकाळी शिंप्याने बॉबिन घ्यायला मशीनचा खण उघडला. आत ठकी झोपवलेली होती. तिच्या नाकातोंडावर एक चिंधी बांधली होती. शेजारी बाटलीच्या झाकणात पाणी आणि एक शेंगदाणा.

"ही इथं कशाला?"

"तिला काढू नका बाबा. ती मुंबईहून आलीय."

खणाच्या वर, भिंतीवर, निळ्या खडूची एक रेघ होती. शिंपी कापडावर आखायला वापरायचा तोच तिकोनी खडू. शिंप्याला राग आला. खडू फुकट गेला, भिंत खराब झाली, आणि घरात असला खेळ बरा नव्हे. त्याने ठकी उचलली.

आजी सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "ठेव तिथंच," ती म्हणाली. "तुझा बाप गेला तेव्हा तू महिनाभर अंगणात खड्डे खणून काड्या पुरायचास. मी अडवलं होतं का तुला?"

शिंप्याला ते आठवत नव्हतं. तो थोडा वेळ ठकी हातात धरून उभा राहिला. मग त्याने ती परत ठेवली आणि बॉबिनची डबी खणातून काढून वर टेबलावर ठेवली. त्या दिवशी साडेदहाला ताट वाजवायचं तो विसरला.

काकाचा डबा भरायचं काम मुलीने मागून घेतलं. भाकरी मोजून ठेवायची, भाजीच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का बघायचं, वर फडकं बांधायचं. चौथ्या दिवशी ती फाटकाशी पोहोचली, तर व्हरांड्यात फळा आणून ठेवलेला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला होता. काका बाजूला उभा राहून हसत होता. सलग तीन दिवस भेंडी खाऊन तो कंटाळला होता.

मुलगी दगडावर चढली. "ठ... ठे... ठेचा! ठेचा पाहिजे?"

काकाने दोन्ही हात जोडले.

ती घरापर्यंत "ठेचा, ठेचा" करत पळत आली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'ताक' होतं. तिसऱ्या दिवशी 'पिठलं'. ते तिने 'पिठल' वाचलं आणि डोक्यावर टिंब कशाला दिलंय, असं विचारलं. गुरुजी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाला, "टिंब दिलं नाही तर ते पिठल होतं. ते भाकरीबरोबर लागत नाही." गुरुजी मास्कच्या आत हसले आणि गप्प राहिले.

एकदा घरातलं ताक संपलं. "काकाला जाऊन सांग, उद्या देऊ म्हणावं," आई म्हणाली.

"काका लिहून सांगतो. मी पण लिहून सांगणार."

शिंप्याने मापाच्या वहीचा एक कोरा कागद फाडून दिला. मुलगी पालथी पडून, जीभ दातांत धरून लिहू लागली. 'ताक नाई. उद्या.' शिंपी मशीनवरून बघत होता. 'नाही'मधला 'ह' कुठे गेला, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायकोने चुलीजवळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने ओठ मिटून घेतले. चिठ्ठी डब्यातून गेली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'ताक नाही? बरं.'

मुलीने ते दोनदा वाचलं. पुढच्या चिठ्ठीत 'नाही'ला 'ह' होता.

याच सुमाराला ग्रामपंचायतीने बचत गटाला मास्क शिवायला सांगितले आणि गटातल्या बायकांनी त्यातले पाचशे शिंप्याकडे दिले. सुती कापड, तीन पदर, चार नाड्या. पदर शिवायला वेळ लागत नव्हता. नाड्यांना लागत होता. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, दोन्ही कडा आत दुमडायच्या, मधोमध टीप घालायची. पाचशे मास्कना दोन हजार नाड्या. शिंप्याचं तोंड मशीनवरून वर होईना.

"पोरी, इकडं ये," तो म्हणाला. "ह्या नाड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांध. मला मोजत बसायला नको."

हे त्याने तिला शिकवायला म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला खरोखरच वेळ नव्हता. मुलांना हा फरक लगेच कळतो. मुलगी मशीनच्या पायाशी बसली आणि जुड्या बांधू लागली. एखादी जुडी अकराची झाली, तर शिंपी ती उचलून नुसती परत तिच्या पुढ्यात टाकायचा. ती पुन्हा मोजायची. दोन दिवसांनी ती मध्येच थांबली.

"बाबा, एका मास्कला चार लागतात ना?"

"चार."

"मग एका जुडीत दोनच मास्क होतात. दोन नाड्या उरतात."

"मग?"

"मग दुसरी जुडी सोडायची. तिच्यातल्या पण दोन उरतात. ह्या दोन आणि त्या दोन. दोन जुड्यांत पाच मास्क."

शिंप्याचा पाय पायट्यावरच थांबला. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. बरोबर होता. तो काही बोलला नाही. पुढच्या नाडीखाली त्याने सुई टेकवली आणि पुन्हा पाय हलवला.

भिंतीवर दहा रेघा झाल्या. त्याच संध्याकाळी काकाच्या खोलीतल्या एकाला ताप भरला. रुग्णवाहिका आली आणि त्याला तालुक्याला घेऊन गेली. मग कळलं की त्याला कोरोना होता. बरोबरच्या माणसांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले. काका त्याच वर्गात, कासवाखालीच राहिला.

मुलीने ओलं फडकं आणलं आणि भिंतीवरच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. मग तिने विचारलं, "काका मरणार का?"

"गप्प बस," शिंपी म्हणाला. "असं बोलू नये."

ती गप्प बसली. रात्री अंथरूण पुन्हा ओलं झालं. या वेळी शिंपीच उठला. त्याने गोधडी बदलली, मुलीचा परकर बदलला आणि तिला घेऊन ओसरीवर येऊन बसला. बाहेर चांदणं होतं. गावात कुत्रंही भुंकत नव्हतं.

"काका मरणार का?" तिने पुन्हा विचारलं.

शिंपी बराच वेळ बोलला नाही. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण तालुक्याहून काय बातम्या येत होत्या, ते त्याने ऐकलं होतं.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. काकाला ताप नाही. गुरुजी रोज दोनदा बघतात आणि वहीत लिहितात. खोकला पण नाही. आज डब्यात किती भाकऱ्या दिल्या होत्यास?"

"चार."

"परत किती आल्या?"

"एक पण नाही."

"ज्याला बरं नसतं, तो चार भाकऱ्या खाईल का?"

मुलीने विचार केला. "नाही. पोटात दुखतं तेव्हा मी अर्धी पण नाही खात."

शिंपी थांबला. "तुझ्या पोटात कधी दुखतं?"

"ताट वाजायची वेळ आली की."

शिंप्याने तिचा हात हातात घेतला आणि तळहात उलगडून पाहिला. तिथे काही नव्हतं. महिन्यापूर्वीचा वळ केव्हाच गेला होता.

"मी मारायला नको होतं," तो म्हणाला.

बापाने लेकीला असं म्हणायची त्या घरात रीत नव्हती. मुलगी काही बोलली नाही. तिने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती झोपली. सकाळी शिंप्याने पितळी ताट मांडणीवर नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून त्यात फक्त जेवण वाढलं गेलं.

मुलगी आता परत आलेला डबा उघडून बघायची. "आज चार गेल्या, एक आली," ती आजीला सांगायची. एक आली की ती दिवसभर जरा गप्प असायची. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा आला की पुन्हा जुड्या बांधायला बसायची.

एकदा शाळेतून खिचडीचा तांदूळ आणि डाळ वाटली गेली. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांच्या वाट्याचं कोरडं धान्य घरच्यांना मिळत होतं. मुलीने पिशवी स्वतः उचलली. "ही माझी खिचडी," ती म्हणाली आणि दर वीस पावलांवर पिशवी खाली ठेवत घराकडे निघाली.

शिंपी मागे राहिला. "गुरुजी," तो म्हणाला, "मी घरात शाळा घेत होतो. सोडली. मला जमलं नाही."

गुरुजी नोंदवहीत काहीतरी लिहीत होते. ते लिहायचे थांबले. "माझा मुलगा चौथीत आहे," ते म्हणाले. "मी तर डी.एड. झालेला माणूस. मी पण घरात घंटा वाजवली. आठ दिवसांत तो मला घरातसुद्धा 'सर' म्हणायला लागला."

दोघेही थोडे हसले. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं.

"आता दिवसभर काय करते ती?" गुरुजींनी विचारलं.

"अभ्यास काही नाही. नाड्या मोजते, डबा भरते, चिठ्ठ्या लिहिते. उरलेला वेळ आजीच्या मागं. रात्री गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही."

"तिच्या चिठ्ठ्या टाकू नका," गुरुजी म्हणाले. "शाळा उघडली की मला बघायच्या आहेत."

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि भिंतीवर पुन्हा चौदा रेघा पूर्ण झाल्या. काका दुपारी घरी आला. आजीने उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे दारात होते, फक्त मुलगी नव्हती. ती मशीनचा खण उघडत होती. तिने ठकीच्या तोंडावरची चिंधी सोडली. झाकणातलं पाणी आटलं होतं आणि शेंगदाणा मुंग्यांनी कधीच नेला होता.

"खाल्लंय तिनं," मुलगी म्हणाली. "तिला ताप नाही."

मग ती ठकी काखेत मारून काकाकडे धावली.

पुढचे दिवस सगळेच असे गेले नाहीत. नवी पुस्तकं गुरुजींनी घरोघर जाऊन दिली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं सरकारचं म्हणणं होतं. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागू लागलं. लाइट असली की मुलगी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहून ते बघायची. काही दिवस ती नुसतीच रुसून बसायची, काही दिवस शिंपी चिडायचा. शिलाईला गिऱ्हाईक कमीच होतं. दुसऱ्या लाटेत गावातली चार माणसं गेली आणि त्यांत ठकी शिवणारी आजी होती. आजी गावाला गेली, असं मुलीला कुणी सांगितलं नाही. ती गेली, आता येणार नाही, असं शिंप्याने सांगितलं आणि तो तिच्यासमोर रडला. त्यानंतर कितीतरी दिवस मुलगी अंगणात खड्डे खणून काड्या पुरत होती. शिंप्याने अडवलं नाही. एकदा तर त्याने कुदळीने तिला माती भुसभुशीत करून दिली.

गोष्ट सांगणाऱ्याने मध्ये बोलू नये, पण इथे दोन शब्द बोलतो. आपण लेकीला काहीच शिकवलं नाही, असं तो शिंपी आजही म्हणतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्याने तिला आपल्या कामात घेतलं, विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं, माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाला आणि ताट वाजवायचं सोडलं. एवढ्याने शाळेची भरपाई झाली, असं समजू नका. शाळा ती शाळाच. मुलगी तिसरीत जाऊन बसली तेव्हा तिला जोडाक्षरं धड वाचता येत नव्हती आणि गुरुजींना तिच्यासाठी, वर्गातल्या सगळ्यांसाठीच, पुढचे कितीतरी महिने खपावं लागलं. पण अडलं की ती हात वर करून विचारत होती. सकाळी दहा वाजता तिच्या पोटात दुखत नव्हतं. घराकडून मुलाला जे मिळायचं असतं, ते तिला मिळालं होतं. आपल्या घरात ज्यांनी त्या दिवसांत ताट वाजवलं असेल, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते वाजवलं, त्यांनी मुलांना एकदा विचारून बघावं, तेव्हा कुठे दुखत होतं म्हणून.

१ डिसेंबर २०२१ ला गावातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं उघडली. मुलगी एका हातात चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन शाळेत गेली. तिचा वर्ग आता तिसरीचा होता. पण आधी ती पहिलीच्या वर्गात शिरली आणि कासवाच्या चित्राखाली वाकून बघू लागली. चटईवर झोपलेल्या माणसाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर तिथे पेन्सिलीच्या रेघा होत्या. आधी दहा, त्यांच्यावर एक आडवी काट, आणि पुढे चौदा.